नारळ दिला तरी जाईना

कॉम्प्युटरवरचं एखादं सॉफ्टवेअर काढायला घेतलं की त्याला एकदम आपला लळा लागतो. इतके दिवस कोपऱ्यात बसून नुसती मेमरी खाणारं ते, अचानक गहिवरतं. पडद्यावर डोळ्यांत पाणी आणलेलं कार्टून येतं. 'आमचं काही चुकलं का?' मग प्रश्नावली. का जाताय, कुठे जाताय, सवलत दिली तर मन वळेल का? अहो, जायचंय तुम्हाला! मी इथेच आहे, माझ्या टेबलापाशी. खाली दोन बटणं. 'राहू द्या' हे गलेलठ्ठ, निळंशार. 'तरीही काढा' हे करड्यावर करड्या अक्षरांत, डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासणीला वापरावं असं.

येताना हा सोहळा नव्हता. येताना 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश', की बिऱ्हाड आत. सोबत न बोलावलेली मंडळी: ब्राउझरला चिकटलेली एक पट्टी, घड्याळाशेजारी एक चिन्ह, कॉम्प्युटर सुरू होताच आपल्या आधी उठून बसणारा एक अपडेटर. कुठल्या फोल्डरात काय ठेवायचं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या दप्तरात, कुठे काय लिहायचं, याची बिनचूक यादी तेव्हा तयार होती. तीच यादी शेवटापासून वाचली की काढायचं काम झालं. पण निघताना या महापंडितांची स्मृती दगा देते. काय ठेवलं, कुठे ठेवलं, काही म्हणजे काही आठवत नाही. हा विसरभोळेपणा मला बिलकूल पटत नाही. जगात गबाळे प्रोग्रॅमर असतात, मान्य. पण गबाळेपणा दर वेळी कंपनीच्याच पथ्यावर कसा काय पडतो बुवा?

मुळात 'अनइन्स्टॉल' दाबल्यावर विंडोज काय करतं, हे एकदा नीट पाहा. करमणूक होईल. बहुतेकांना वाटतं, विंडोज हा मालक, तो आता या प्रोग्रॅमची मानगूट धरणार. छे! विंडोज ९५ पासून रजिस्ट्रीत 'अनइन्स्टॉल' नावाचा एक कप्पा आहे. प्रत्येक प्रोग्रॅम आत येताना तिथे आपली नोंद आपल्या हातानं करतो. माझं नाव अमुक, माझी कंपनी तमुक, माझं आकारमान साधारण इतकं. (हो, आकारमानसुद्धा तोच सांगतो. सांगेल ते खरं.) आणि 'अनइन्स्टॉल स्ट्रिंग' नावाची एक ओळ, जिचा अर्थ असा: मला काढायचं झालं तर ही फाइल चालवा. ती फाइल कोणी लिहिली? त्याच कंपनीनं. म्हणजे आरोपीनंच पंचनामा लिहायचा, पंचही त्यानंच आणायचे, आणि 'जप्त मुद्देमाल: निरंक' असं लिहून दिलं की विंडोजनं खाली शिक्का मारायचा.

याहून मौज पुढे आहे. याच कप्प्यात 'नो रिमूव्ह' अशी एक नोंद करता येते. तिथे १ लिहिलं की काढायचं बटणच नाहीसं. 'सिस्टिम कंपोनंट' अशीही एक नोंद आहे. तिथे १ लिहिलं की प्रोग्रॅमचं नावच यादीतून गायब! 'मी इथे नव्हतोच' असं आरोपीनं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं आणि ठाणेदारानं मान डोलवायची. या सोयी म्हणे कार्यालयांतल्या व्यवस्थापकांसाठी आणि प्रोग्रॅमच्या अंतर्गत भागांसाठी केल्या होत्या. केल्या असतील. सद्हेतूनं केलेल्या सोयींची यादी करायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही.

आणि तुम्ही वैतागून प्रोग्रॅमचा फोल्डर हातानंच उडवलात तर? यादीत नाव राहतंच. त्यावर टिचकी मारली की विंडोज अदबीनं कळवतं: काढताना अडचण आली, कदाचित हा आधीच काढलेला असावा, यादीतून नाव कमी करू का? कदाचित! असावा! स्वतःच्या डिस्कवर काय आहे हे स्वतःला ठाऊक नाही, आणि विचारतंय कोणाला, तर मला.

मला विचारायची ही खोड जुनीच. पूर्वी काढायचं काम निम्म्यावर आलं की एक खिडकी उघडायची: 'ही सामायिक फाइल आता कुणी वापरत नसावं असं दिसतं, उडवू का?' फाइलचं नाव म्हणजे आठ अक्षरांचा, एकही स्वर नसलेला मंत्र. उडवली आणि दुसराच प्रोग्रॅम मेला तर दोष आपला. ठेवली तर कचराही आपलाच. अज्ञानाचं ओझं हलकेच ग्राहकाच्या खांद्यावर सरकवण्याची ही हातोटी, तिला दाद द्यायला हवी.

मायक्रोसॉफ्टनं यावर उपाय केला नाही असं नाही. १९९९ मध्ये, ऑफिस २००० बरोबर, विंडोज इन्स्टॉलर आला. कल्पना रास्त होती: काय कुठे ठेवलं याची वही यंत्रणेनंच ठेवायची आणि काढताना तीच वाचायची. पण वहीत बसवतानाच्या नोंदी. नंतर प्रोग्रॅमनं स्वतः वर्षभर जे काय लिहिलं, साठवलं, त्याचं काय? ते वहीबाहेर. शिवाय कंपन्यांना मधेच आपली स्वतःची कलमं घुसवायची मुभा. वही फाटली तर ती साफ करायला मायक्रोसॉफ्टनं एक छोटं साधनही दिलं, आणि ते शेजारच्या प्रोग्रॅमांनाही इजा करतं म्हणून २०१० मध्ये काढून घेतलं. या साऱ्या इतिहासात सफाईनं काढली गेलेली वस्तू हीच एक असावी.

आता अँटीव्हायरसकडे वळू. हा माझा लाडका प्राणी.

माझ्या डेस्कटॉपवर एक अँटीव्हायरस यंत्राबरोबरच आला होता. कंपनीचं नाव घेत नाही. तुमच्याकडेही तिचाच भाऊबंद असेल. फुकटची मुदत संपली आणि रोज लाल पट्टी: 'तुम्ही धोक्यात आहात.' काढला. रीस्टार्ट मागितला, दिला. 'यशस्वीरीत्या काढले' हेही वाचलं. मग सहज आत डोकावलो. प्रोग्रॅम फाइल्समध्ये त्याचा फोल्डर ठाण मांडून. प्रोग्रॅम डेटामध्ये नोंदींचा ढीग. सर्व्हिसेसच्या यादीत एक सेवा 'रनिंग'. कोणाची सेवा करत होती देव जाणे. टास्क शेड्यूलरमध्ये रोजचं एक काम लावलेलं: अपडेट शोधणे. कशाचे अपडेट? जो प्रोग्रॅम नाही त्याचे! आणि कुठल्याही फाइलवर राइट क्लिक केलं की मेन्यूत 'स्कॅन करा' हजर. दाबलं तर काहीच होत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी राइट क्लिक करून पाहिला आहे.

कंपनीच्या मदतीच्या पानावर तोडगा होता. तोडगा असा की त्यांचं एक खास 'काढायचं साधन' डाउनलोड करा, कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करा आणि तिथे ते चालवा. म्हणजे सॉफ्टवेअर काढायला आणखी एक सॉफ्टवेअर आणा. आणि ही काही एकट्याची तऱ्हा नव्हे. नॉर्टन, मॅकॅफी, अव्हास्ट, कॅस्परस्की, ईसेट या सगळ्यांनी अशी वेगळी साधनं काढली आहेत. त्यांचा बचाव ऐकण्यासारखा असतो. अँटीव्हायरस सिस्टिमच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवतो, व्हायरसनं त्याला मारू नये म्हणून स्वसंरक्षण करतो, चालू असलेल्या फाइली उडवता येत नाहीत. सगळं खरं. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. पण महाराज, तुमचं ते वेगळं साधन हे सगळं पार करून झाडून सारं काढतं ना? म्हणजे तुम्हाला येतं. मग जे तुम्हाला येतं ते कंट्रोल पॅनेलमधल्या बटणामागे का नाही? मदतीच्या पानाच्या तळघरात का?

या विषयावरचं अधिकृत भाष्य जॉन मॅकॅफी यांनी करून ठेवलं आहे. तेच ते, ज्यांच्या नावाचा अँटीव्हायरस आहे. १९९४ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले आणि २०१३ मध्ये 'मॅकॅफी कसा काढावा' यावर एक चावट, शिवराळ चित्रफीत त्यांनी प्रसिद्ध केली. तिच्या शेवटी कॉम्प्युटरवर पिस्तूल झाडलं जातं. जन्मदात्यालाच दुसरी वाट सापडली नाही, तिथे तुम्ही-आम्ही कोण?

'कुणाला तरी लागेल म्हणून ठेवतो' ही आणखी एक सबब. २०१६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं जाहीर केलं की विंडोजवरचं क्विकटाइम धोकादायक आहे, ॲपल त्याची डागडुजी थांबवतेय, ताबडतोब काढा. लोक काढायला निघाले तोच अडोबी म्हणाली, जरा थांबा, आमच्या काही कामांना ते लागतं. सरकार म्हणतं काढ, पोटापाण्याचं सॉफ्टवेअर म्हणतं ठेव. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या बिचाऱ्यानं काय करावं? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे त्याची डेडलाइन.

पण हे सगळे किरकोळ गुन्हेगार. खरी मैफल सोनी बीएमजीची. २००५ साल. गाण्याची सीडी विकत घ्यायची, हो, पैसे देऊन, चोरून नव्हे, आणि कॉम्प्युटरमध्ये घालायची. कॉपी होऊ नये म्हणून ती सीडी गुपचूप एक रूटकिट बसवायची. हे रूटकिट स्वतःला असं लपवायचं की ठरावीक चिन्हांनी सुरू होणारी कोणतीही फाइल विंडोजला दिसेनाशी व्हायची. मग दुसऱ्या चोरांनीही त्याच पडद्याआड दडायला सुरुवात केली. तयार पडदा कोण सोडतो? मार्क रसिनोविच या विंडोजच्या जाणकाराला ते स्वतःच्याच कॉम्प्युटरवर सापडलं आणि ३१ ऑक्टोबरला त्यांनी ते चव्हाट्यावर आणलं. काढायची सोय? दिलेलीच नव्हती. हातानं उपटलं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. कंपनीचे एक बडे अधिकारी रेडिओवर बोलले, त्याचा मथितार्थ असा की रूटकिट म्हणजे काय हे लोकांना माहीतच नाही, मग त्यांनी त्याची फिकीर कशाला करावी! या तर्कानं कावीळही बरी होईल.

बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं काढायचं साधन दिलं. ते मिळवायला आधी अर्ज करायचा, ईमेल पत्ता द्यायचा. आणि ते साधन ब्राउझरमधून एक घटक बसवायचं, जो काम झाल्यावर तिथेच राहायचा आणि कुठल्याही वेबसाइटला तुमच्या यंत्रावर हवं ते चालवायची वाट मोकळी करून द्यायचा. प्रिन्स्टनचे एडवर्ड फेल्टन आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी हे दाखवून दिलं. आगीतून निघून फुफाट्यात, तेही रीतसर अर्ज करून! फेल्टन हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

मॅकवाल्यांनी इतक्यात गालात हसायला सुरुवात केली असेल. 'आमच्याकडे काय, ॲप उचललं की ट्रॅशमध्ये टाकलं.' टाका, टाका. लायब्ररीच्या फोल्डरात त्याच्या सेटिंगा, साठवणी आणि सुरू होताच जागे होणारे हस्तक तसेच नांदत असतात. २०१९ च्या जुलैमध्ये तर उघडकीला आलं की झूम काढून टाकलं तरी मॅकवर एक छोटा वेब सर्व्हर मागे राहतो, आणि मीटिंगची लिंक उघडली की तो झूमला न विचारता पुन्हा बसवतो. कंपनीचं स्पष्टीकरण? सफारीत ग्राहकाला एक जादा टिचकी मारावी लागू नये म्हणून. केवढी ही करुणा! माझं बोट शिणेल म्हणून माझ्या यंत्रात कायमचा पहारेकरी. शेवटी ॲपलनं गुपचूप अपडेट धाडून तो सर्व्हर हुसकावला.

'मुळासकट, निःशेष, सगळं काढा' असा आग्रह धरणाऱ्यांनी मात्र जरा बेतानं. १९९८ च्या डिसेंबरमध्ये बंजी कंपनीचा 'मिथ टू' हा खेळ आला. तो नेहमीचा फोल्डर सोडून थेट ड्राइव्हच्या मुळाशी बसवला असेल, तर काढताना तो खेळाबरोबर ड्राइव्हवरचं सगळंच पुसून टाकायचा. कंपनीनं सीड्या परत मागवल्या. प्रामाणिकपणे सांगतो, एवढा आज्ञाधारक अनइन्स्टॉलर पुन्हा झाला नाही.

याच निःशेषाच्या हव्यासावर आणखी एक धंदा पोसला आहे: सफाईवाले. रजिस्ट्री क्लीनर चालवा, तो सांगणार, शेकडो 'चुका' सापडल्या, बाकीच्या पाहायला पैसे भरा. कसल्या चुका? मेलेल्या प्रोग्रॅमची दोन ओळींची नोंद, जी ना यंत्र मंदावते ना जागा खाते. असल्या क्लीनरांना आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टनंही सांगून टाकलंय. माझंही मत तेच: उरलेल्या नोंदींचा बाऊ करू नका. चालू राहिलेलं काय आहे ते बघा. सेवा, ड्रायव्हर, शेड्यूल केलेली कामं, ब्राउझरची एक्स्टेन्शनं, विश्वासाची प्रमाणपत्रं. रसिनोविच यांचं 'ऑटोरन्स' हे फुकट साधन ही बहुतेक पिलावळ एका खिडकीत दाखवतं. ते चालवलं की आपल्या घरात कोण कोण राहतं हे कळून माणूस थोडा वेळ गप्प बसतो. आणि सफाईवाल्यांच्या राजाचं काय झालं? २०१७ मध्ये खुद्द सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीत, कंपनीच्याच सहीशिक्क्यानिशी, मालवेअर मिसळलेलं निघालं. २० लाखांहून अधिक यंत्रांवर ते गेलं. कुंपणच शेत खातं, ते असं.

आपल्याकडे या सगळ्यावर एकच रामबाण. गल्लीतला कॉम्प्युटरवाला येतो, माउस दोनदा हलवतो, सुस्कारा टाकतो. 'काका, काही होत नाही याचं. फॉरमॅट मारू. डी ड्राइव्हला हात नाही लावत.' फॉरमॅट मारतो, विंडोज टाकून देतो, खिशातला पेनड्राइव्ह लावतो आणि आपला ठेवणीतला संच बसवतो. त्यात तोच अँटीव्हायरस. 'हा राहू द्या, काका. फ्री आहे.'

बरं, फॉरमॅटनं तरी सुटका? विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टनं अशी सोय केली की यंत्र बनवणारी कंपनी मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच एक प्रोग्रॅम ठेवू शकते, आणि विंडोज सुरू होताना तो आपण होऊन उचलून चालवतं. डिस्क पुसा, बदला, गंगेत बुडवा, तो येणारच. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही यंत्रांवर लोकांनी कोरी करकरीत विंडोज टाकली आणि कंपनीची मंडळी पुन्हा दारात. ओरड झाल्यावर लेनोवोनं ते बंद केलं. त्याच वर्षीचं तिचं सुपरफिशही असंच: जाहिराती घुसवणारं ते सॉफ्टवेअर काढता यायचं, पण त्याचं मूळ प्रमाणपत्र यंत्रात तसंच राहायचं. म्हणजे चोर गेला, किल्ली कुलपालाच. आणि सगळ्या यंत्रांची किल्ली एकच.

भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवून अडकवणारे १३ 'डार्क पॅटर्न' निषिद्ध ठरवले. ग्राहकाला लाजवणं त्यात आहे, वर्गणीच्या सापळ्यातून सुटू न देणं आहे. ते रडवेलं कार्टून कायद्याच्या कक्षेत ओढता येईल कदाचित. मागे ठेवलेल्या सेवेवर कोण समन्स बजावणार?

आणि ठाणेदारानं, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं, तरी ते कोणत्या तोंडानं बजावावं? तोच मुख्य आरोपी! डिसेंबर १९९७. अमेरिकेत न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांच्यापुढे खटला: विंडोज ९५ बरोबर इंटरनेट एक्सप्लोरर गळ्यात मारू नका. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, तो काढला तर विंडोज चालणार नाही. न्यायाधीशांनी सांगितलं, आम्ही विंडोजच्याच सोयीनं तो काढून पाहिला, ९० सेकंदही लागले नाहीत, यंत्र ठणठणीत आहे. यावर कंपनीचा युक्तिवाद काय असावा? की अहो, त्यानं नुसता वरचा दर्शनी भाग जातो, फाइली सगळ्या आतच राहतात! भर कोर्टात कंपनी सांगतेय, आमच्या काढायच्या बटणानं काही निघत नाही, आणि हा तिचा बचाव आहे. पुढच्या मोठ्या खटल्यात तेच फेल्टन आले. एक्सप्लोरर वेगळा करणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहून दाखवला. त्यानं विंडोज कशी बिघडते हे दाखवायला १९९९ मध्ये कंपनीनं कोर्टात चित्रफीत लावली, आणि सरकारी बाजूचे वकील डेव्हिड बॉइस यांनी तिच्यातल्या विसंगती तिथल्या तिथे उघड्या पाडल्या.

ज्याच्याविना विंडोजचा प्राण जाणार होता त्या एक्सप्लोररला जून २०२२ मध्ये कंपनीनंच निवृत्त केलं. विंडोजला साधी शिंकही आली नाही. त्याच्या गादीवर एज आला, तोही काढता न येणारा. मग युरोपीय संघानं डिजिटल मार्केट्स ॲक्टचा बडगा उगारला आणि मार्च २०२४ पासून तिथल्या विंडोजमध्ये एज काढायचं बटण जिवंत झालं. तीच विंडोज, तोच एज. यंत्र युरोपातलं आहे की नाही हे कसं ठरतं? पहिल्यांदा सुरू करताना तुम्ही कुठला देश निवडलात त्यावरून. 'बेल्जियम' निवडलंत तर एज नश्वर, 'भारत' निवडलंत तर अमर. पुढचं यंत्र मी बेल्जियममध्ये सुरू करणार आहे, याच टेबलावर बसून. रुपयाच्या जागी युरोचं चिन्ह दिसेल, ते बदलून घेऊ.